इसबासाठी बंद हातांचा रात्रीचा सूट: ५५ रात्री घालून झोपल्यावर

सूट घरी आला तेव्हा मी तो आधी उलटा केला. वीस वर्षं शिवणकाम करते आहे. कपडा हातात आला की सुलट बाजू नंतर, आधी आतली शिवण. पण या वेळी ते फक्त सवयीने केलं नाही. वयाच्या चौथ्या वर्षापासून मला इसब आहे, डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस. आता मी ४३ वर्षांची आहे. कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर, मनगटांना आणि घोट्यांना. मुंढ्यातली शिवण जाड आहे की सपाट, यावर माझी रात्र कशी जाणार ते ठरतं.

कपडा कसा आहे ते सांगते. दोन भाग आहेत. वरच्या भागाची बाही मनगटाच्या पुढे जाऊन पिशवीसारखी बंद होते, बोटं आणि अंगठा सगळे त्या एकाच पिशवीत. खालचा पायजमा पावलांशी तसाच बंद होतो. मनगटाजवळ एक आडवी खाच आहे, तिच्यातून हात बाहेर काढून पिशवी मागे दुमडता येते. कापड होजिअरीचं, ९५ टक्के सुती आणि ५ टक्के इलास्टेन. लहान मुलांच्या मापाचे असे सूट बरेच मिळतात, मोठ्यांच्या मापाचे शोधावे लागतात. कंपनीचं नाव देत नाही. या प्रकारचे बहुतेक सूट थोड्याफार फरकाने असेच बेतलेले असतात, आणि जे मला सांगायचं आहे ते त्या बेतण्याबद्दलच आहे.

पाकिटावर लिहिलं होतं, ‘खाज शांत करणारं कापड’. त्या वाक्यासाठी हा सूट कुणी घेऊ नये. कापडाने खाज शांत होत नाही. कापड नख आणि कातडी यांच्या मध्ये येतं, बस. पण ते मध्ये येणं किती मोलाचं आहे हे ज्याची रात्र खाजवण्यात जाते त्यालाच कळेल, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

दिवसा खाज कामात मागे पडते. मशीन चालू असताना दोन्ही हात कापडावर असतात आणि डोळे सुईवर. दिवा मालवला की तिला मोकळं रान मिळतं. मन रिकामं असतं म्हणून असं होतं, असं मी कित्येक वर्षं समजत होते. कारण त्याहून खोल आहे. झोपेच्या सुमाराला शरीर आतली उष्णता बाहेर टाकतं, त्यासाठी कातडीकडे रक्त जास्त वाहतं आणि कातडी गरम होते. सूज आवरणारं कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं संप्रेरक, ते मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं. कातडीतून उडून जाणारं पाणी रात्री वाढतं, म्हणजे मुळात कोरडी असलेली कातडी आणखी कोरडी पडते. हे सगळं एकाच वेळी, नेमकं अंथरुणाला पाठ टेकली की. माझ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी कागदावर रेघा ओढून हे मला समजावलं तेव्हा मला त्यांच्यासमोर रडू आलं. तोवर मी जवळजवळ चाळीस वर्षं ‘खाजवू नकोस’ हे ऐकत आले होते, आणि ते जमत नाही म्हणून स्वतःवर चिडत होते.

झोपेत हात चालतो त्यावर कुणाचाही ताबा नसतो. १९७० च्या दशकापासून झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये याच्या नोंदी झाल्या आहेत. उथळ झोपेत माणूस सगळ्यात जास्त खाजवतो, गाढ झोपेत सगळ्यात कमी. मग हात चालला की झोप आणखी उथळ होते आणि उथळ झोपेत हात पुन्हा चालतो. मी लहान असताना आई माझ्या हातांना सुती मोजे घालून मनगटाशी नाडीने बांधायची. सकाळी मोजे पलंगाखाली सापडायचे. नाडीच्या गाठी मी दातांनी सोडलेल्या असायच्या आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नसायचं. आई रागावायची नाही, पण तिचा चेहरा उतरायचा.

सूट घालायला लागण्याआधी मी १४ रात्री वही ठेवली. उशाशी वही आणि जाड पेन्सिल. जाग आली की दिवा न लावता एक उभी रेघ. सकाळी त्याच पानावर चादरीवरचे रक्ताचे डाग आहेत की नाहीत, आणि खाज दहापैकी किती. एका रात्रीत पाच-सहा रेघा ठरलेल्या, एकदा अकरा झाल्या. चौदापैकी नऊ सकाळी चादरीवर डाग होते.

पहिली रात्र वाईट गेली. अकराला घातला, साडेबाराला काढून फेकला. उकडत होतं. कपडा जाड नाही, पण अंगाला घट्ट बसतो आणि त्याखाली मी मलमाचा थर दिलेला होता. मलम लावून लगेच सूट चढवायचा नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. अर्धा तास उघड्या अंगाने बसायचं, मलम मुरू द्यायचं, मग घालायचा. वरचं पांघरूण एकदम हलकं करायचं. खोली जितकी थंड ठेवता येईल तितकी ठेवायची. या तीन गोष्टी केल्याशिवाय सूट चांगला की वाईट हे ठरवूच नका.

मग हात. बंद हातांनी दिव्याचं बटण दाबता येतं, पांघरूण नीट ओढता येत नाही. रात्री लघवीला उठलं की आधी खाचेतून हात बाहेर काढायचे, मग पायजम्याचा नेफा. मोबाइल धरता येत नाही, आणि ते माझ्या फायद्याचं ठरलं. तीनला जाग आली की मी मोबाइल उघडून बसायचे. आता खाच उघडायचा कंटाळा येतो, तेवढ्यात डोळे मिटतात.

चौथ्या रात्री सकाळी उठले तर उजवा हात पिशवीबाहेर आणि मान ओरबाडलेली. मोज्यांच्या गाठींसारखंच, काही आठवत नाही. मी हात पिशवीत घालून जाणूनबुजून सगळ्या हालचाली करून पाहिल्या आणि चूक सापडली. खाच तळहाताच्या बाजूला आहे. मूठ मिटताना अंगठा आत वळतो, तो सरळ त्या खाचेत जातो आणि पुढच्या हालचालीला पूर्ण हात बाहेर. जागेपणी हे सोयीचं आहे, म्हणूनच कुणीतरी तसं बेतलं असणार. पण हा कपडा झोपलेल्या माणसासाठी आहे. सहाव्या दिवशी मी दोन्ही खाचा हातशिलाईने बंद केल्या, हाताच्या पाठीवर नव्या कापल्या आणि कडेला त्याच कापडाची मऊ मगजी लावली. आता खाच उघडायची तर दुसऱ्या हाताने मुद्दाम कापड ओढावं लागतं, आणि झोपेतल्या माणसाकडून ते होत नाही. या एका बदलानंतर सूट खऱ्या अर्थाने कामाला आला. ज्यांना शिवता येतं त्यांनी आल्याआल्या हेच करावं. येत नसेल तर कुठल्याही शिवणाऱ्याकडे घेऊन जा, अर्ध्या तासाचं काम आहे.

बाकी शिवणीबद्दल मला मनापासून चांगलं म्हणायचं आहे. सगळी शिवण बाहेरच्या बाजूला घेतली आहे, सपाट, फ्लॅटलॉक मशीनची. आतून बोट फिरवलं तर कुठेही कड लागत नाही. बगलेत चौकोनी कळी टाकली आहे, त्यामुळे चार शिवणी एका जागी येऊन गाठ होत नाही. गुडघ्यामागे शिवण अजिबात नाही, पायजम्याची शिवण मांडीच्या बाजूने नेली आहे. ज्याने हे बेतलं त्याला कातडीचं दुखणं ठाऊक आहे असं वाटतं. आणि एवढं सगळं केल्यावर कमरेच्या मागे, आतून, चकचकीत सॅटिनचं कडक लेबल का शिवलं असेल, याचा मला खरोखर त्रास झाला. माझ्या कमरेवर कधीच इसब नव्हतं, तिथे तिसऱ्या दिवशी लाल चट्टा उठला. लेबल कात्रीने कापू नका, नायलॉनच्या दोऱ्याची टोकं राहतात आणि ती लेबलापेक्षा जास्त टोचतात. ब्लेडने टाके उसवून ते मुळापासून काढा.

पायांनी मला मोठा धक्का दिला. घोटे माझ्या अंगावरची सगळ्यात हट्टी जागा. कातडी जाड, काळपट, भेगा पडलेली. इतकी मलमं झाली, तिथे काही टिकायचं नाही. सूट घालून दहा दिवस झाले आणि घोट्यांच्या भेगा मिटायला लागल्या. तेव्हा लक्षात आलं की रात्रभर एका पायाच्या नखांनी मी दुसऱ्या पायाचा घोटा ओरबाडत होते. हातांकडे माझं सगळं लक्ष, पायांचा संशयही आला नव्हता. पावलं बंद झाली आणि ते थांबलं.

मात्र बंद हाताने घासता येतं, हे खरं आहे. मनगटाने मान घासायची, टाचेने पोटरी. घासल्याने कातडी लाल होते, फाटत नाही. एवढाच फरक. पण नखांनी फाटलेल्या कातडीतून लस येते, तिच्यात जंतू शिरतात, सूज वाढते, खाज वाढते. घासलेली कातडी सकाळी मलम लावलं की तासाभरात निवते.

वहीतले आकडे असे आहेत. खाचा बदलल्यानंतरच्या ४९ रात्रींत चादरीवर डाग फक्त तीनदा दिसले. रेघा पाच-सहावरून तीनवर आल्या. खाजेचा आकडा सातवरून सहावर आला आणि तिथेच अडला. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे. खाज जवळजवळ तेवढीच आहे. वाचली ती कातडी, आणि झोप थोडीफार जोडली गेली. पूर्वी रात्रीचे तुकडे पडायचे, आता पहिली जाग येईपर्यंत सलग तीन-साडेतीन तास झोप लागते. गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पहिल्या भागात असते, त्यामुळे हे तास मला सकाळी कळतात. दुपारी बारीक सुईत दोरा ओवताना हात थरथरत नाही.

घरातल्या दुसऱ्या माणसाच्या झोपेबद्दलही लिहायला हवं, कारण ते कुठेच लिहिलेलं सापडत नाही. खाजवण्याचा आवाज अंधारात फार मोठा असतो. नवरा त्या आवाजाने उठायचा, काही न बोलता माझा हात धरून ठेवायचा, मग दोघेही जागे. सूट घालायला लागल्यावर बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, “काल तू खाजवलंस का? मला काही ऐकू आलं नाही.” त्या रात्री माझ्या वहीत चार रेघा होत्या. म्हणजे मी चारदा जागी झाले आणि तो एकदाही नाही. मला त्या चार रेघांचं काही वाटलं नाही.

आता मी काय काय करून इथवर आले ते. रेशमी सूटही मिळतात आणि त्यांची जाहिरात इसबासाठीच असते. मी घेणार होते. मग डॉक्टर बाईंनी सांगितलं की ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३०० मुलांवर सहा महिन्यांची चाचणी झाली, नेहमीच्या उपचारांना रेशमी कपड्यांची जोड दिली, आणि २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षात रेशमाचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून मी सुती घेतला. कापड कुठलं यापेक्षा धागा जाड आणि खरखरीत नसावा, शिवण बाहेर असावी, हात-पाय बंद असावेत, हे माझं शिवणारीचं मत.

गोळ्याही घेऊन झाल्या. अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्या, ज्यांनी गुंगी येते, हायड्रॉक्सिझिनसारख्या. कित्येक वर्षं मी त्यांनाच झोप समजत होते. या गोळ्या हिस्टामिन नावाचं अ‍ॅलर्जीचं रसायन अडवतात, पण इसबाच्या खाजेमागे ते मुख्य नाही, इंटरल्युकिन-४, १३ आणि ३१ अशी दुसरी रसायनं आहेत, त्यामुळे त्या गोळीने खाज फारशी हटत नाही. माणूस गुंगतो आणि गुंगीतही खाजवतो. सकाळी डोकं जड. अशाच एका सकाळी मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. मी गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवल्या, तुम्हीही विचारूनच काय ते ठरवा. याच रसायनांवर नेमकं काम करणारी औषधं आता आली आहेत. ड्युपिल्युमॅब २०१७ पासून आहे, खाजेच्या इंटरल्युकिन-३१ चा रस्ता अडवणारं नेमोलिझुमॅब अमेरिकेत इसबासाठी २०२४ च्या डिसेंबरात मंजूर झालं. ज्यांचं इसब अंगभर आहे त्यांनी सूट घेण्याआधी हा विषय डॉक्टरांकडे काढावा. कपडा उपचाराची जागा घेत नाही.

आणि डॉक्टरांकडे झोपेचा विषय आपणच काढायचा असतो, हे मला फार उशिरा उमगलं. मी वर्षानुवर्षं तपासणीच्या आधी डीएलक्यूआय नावाचा कागद भरत आले. १९९४ साली तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली. आजारामुळे खरेदीला जाणं अडतं का, कपडे बदलावे लागतात का, खेळ, नोकरी, जोडीदार, सगळं विचारतात. झोपेबद्दल एकही प्रश्न नाही. माझा आकडा मध्यम यायचा, आणि मध्यम आजाराचे उपचार मिळायचे. सध्याच्या बाई ‘पोएम’ भरून घेतात, सात प्रश्नांची, खास इसबासाठीची. तिच्यात थेट विचारलं आहे की गेल्या आठवड्यात इसबामुळे किती रात्री झोपमोड झाली. मी ‘रोज’वर खूण केली. बाईंनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, “किती वर्षं रोज?” त्यानंतर माझे उपचार बदलले.

त्याच बाईंनी इसब फार भडकलं तेव्हा ओल्या पट्ट्यांचा उपाय दिला, आणि त्यात हा सूट अनपेक्षितपणे उपयोगी पडला. आधी अंगाला मलम, जिथे सांगितलं तिथे स्टेरॉइडचं मलम बोटाच्या पेरानं मोजून. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. वरून कोमट पाण्यात भिजवून पिळलेला सुती पातळ थर, आणि त्यावर कोरडा थर. हा बाहेरचा कोरडा थर म्हणजे माझा सूट. पहिल्या रात्री मी सहा तास झोपले आणि सकाळी उठून बसले तेव्हा मला आपण कुठे आहोत हे क्षणभर कळेना. पण हे स्वतःच्या मनाने करू नका. ओल्या थराखाली स्टेरॉइड कितीतरी जास्त शोषलं जातं, कातडीत जंतुसंसर्ग असेल तर तो वाढतो, थंडी वाजते. मला पाच रात्री सांगितल्या होत्या, पाचच केल्या. आणि आतल्या थरामुळे सूट फार घट्ट होतो, त्यासाठी एक माप मोठं हवं.

कंपनीवर माझी खरी तक्रार आगीबद्दल आहे. मलम मुरलेलं कापड सहज पेट घेतं आणि भराभर जळतं. पॅराफिनच्या मलमांचं तसं होतंच, बिनपॅराफिनच्या मलमांचंही होतं. धुऊन मलम कमी होतं, पूर्ण जात नाही. हा कपडा विकताना गृहीतच धरलेलं आहे की आत मलम लावलेलं अंग असणार. तरी पाकिटावर, लेबलावर, कागदावर, कुठेही एक ओळ नाही. मी लिहून कळवलं. उत्तर आलं की धुण्याच्या सूचना पाळाव्यात. मी पुन्हा लिहिलं, त्याला उत्तर नाही. तेव्हा इथे लिहिते: हा सूट घालून शेगडीजवळ, मेणबत्तीजवळ, पेटत्या सिगारेटजवळ जाऊ नका. सकाळी उठल्यावर आधी सूट बदला, मग चहाला आधण ठेवा.

धुण्यात कापड बऱ्यापैकी टिकलं. शिवण एकही उसवली नाही. हातांच्या पिशव्यांवर गोळे आले, आणि ४१ व्या दिवशी उजव्या तर्जनीच्या टोकाशी भोक पडलं. नख आतून तेच काम करत होतं. मी बाहेरून ठिगळ लावलं. तिथे मुळातच दुहेरी कापड हवं होतं. मलमाने नेफ्यातलं इलॅस्टिकही सैल पडलं आहे, पुढच्या महिन्यात बदलावं लागेल. एकच सूट घेतला तर वाळेपर्यंतच्या रात्रीचं काय, हा प्रश्न राहतो. दोन लागतात.

सोरायसिस असलेल्यांनी मात्र सावकाश घ्यावं. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंना आहे, त्यांनी माझा सूट पाहून तसाच मागवला. महिन्याभरात कमरेच्या इलॅस्टिकखाली आणि मनगटाच्या पट्टीखाली नवे चट्टे आले. सोरायसिसमध्ये जिथे कातडीला घर्षण किंवा इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो, त्यामुळे घट्ट कपडा त्यांना सोसत नाही. मी त्यांच्या सुटाचं इलॅस्टिक काढून नाडी घातली. शिवाय त्यांच्या झोपेचं दुखणं निराळंच निघालं. त्या घोरायच्या, मध्येच श्वास अडकायचा, आणि सगळं खाजेच्या नावावर खपत होतं. सोरायसिस असलेल्यांत झोपेत श्वास अडण्याचा आजार जास्त आढळतो. त्यांच्या डॉक्टरांनी तपासणी करायला लावली. कपड्याने ते कधीच बरं झालं नसतं.

माझ्याही झोपेचा एक भाग सुटाच्या हातचा नव्हता. महिना उलटला, कातडी बरी, चादर स्वच्छ, तरी तीनला डोळे उघडायचे. खाज नसली तरी. जणू इतक्या वर्षांत शरीराला ती वेळ पाठ झाली होती. बाईंनी निद्रानाशाच्या वर्तनोपचारासाठी मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं. हा उपचार जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी द्यावा अशी अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. मला पहिल्या भेटीत सांगितलं की वही बंद करा. रेघ ओढण्यासाठी मी पूर्ण जागी होत होते. घड्याळ खोलीबाहेर. झोप आली तरच अंथरूण, वीसेक मिनिटं तळमळ झाली की उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. खाज सुटली की हात न चालवता तीस सेकंद मूठ घट्ट आवळायची, तरी राहिली तर त्या जागी नुसतं दाबून धरायचं. मूठ आवळणं बंद पिशवीत छान जमतं. पहिले दहा दिवस मी इतकी दमले की मशीनवर मोठं काम घेतलं नाही. त्यानंतर तीनची जाग साडेचारवर सरकली, आणि मग काही रात्री आलीच नाही. वही बंद असल्यामुळे किती रात्री, ते सांगता येणार नाही.

दुसरा सूट मी त्याच कंपनीचा मागवला, एक माप मोठा. आल्या दिवशीच खाचा हाताच्या पाठीवर घेतल्या, लेबल उसवलं, बोटांच्या टोकांना आतून दुसरं कापड दिलं. सध्या मशीनवर सहा वर्षांच्या एका मुलीचा सूट आहे. तो मी स्वतः बेतला, पावलांच्याही पिशव्या दुहेरी ठेवल्या. माप द्यायला आली तेव्हा तिच्या आईने मला विचारलं, “ताई, रात्री ही काढून टाकेल का हो?” मी म्हटलं, पहिला आठवडा टाकेल. सकाळी पलंगाखाली सापडला तर तिला काही विचारू नका, तिला आठवणार नाही.